पदक घरी आलं त्या वर्षाची गोष्ट

मंडळी, आधीच सांगून टाकतो, आजचं लिखाण फुटबॉलवर आहे. फुटबॉल म्हटलं की ज्यांना जांभई येते त्यांनी (ताई, तुझ्याकडे बघूनच म्हणतोय) निदान अर्ध्यापर्यंत तरी वाचा. अर्ध्यानंतर एका घराण्याची गोष्ट आहे, आणि घराण्यांच्या गोष्टी तुला आवडतात हे मला माहीत आहे.

२०२० चा जून महिना. लॉकडाऊनला तीन महिने होत आले होते. भांडी घासण्यात मी बऱ्यापैकी तरबेज झालो होतो, आणि टीव्हीवर जुन्या सामन्यांशिवाय काही नव्हतं. १९८३ चा वर्ल्ड कप आम्ही इतक्या वेळा जिंकला की शेवटी शेवटी मला वेस्ट इंडीजची दया यायला लागली. अशात ताईचा मुलगा, जो तेव्हा ट्रॉन्डहाइमला शिकत होता, त्याचा मेसेज आला: "मामा, उद्यापासून आमची लीग सुरू. बघ जमलं तर."

'आमची' म्हणजे नॉर्वेची. तिथल्या सर्वांत वरच्या लीगला एलिटेसेरियन म्हणतात. १६ संघ, प्रत्येकाचे ३० सामने. एरवी ती एप्रिलमध्ये सुरू होते आणि बर्फ पडायच्या बेताला, नोव्हेंबरच्या अखेरीस, संपते. युरोपातल्या इतर मोठ्या लीगांच्या बरोबर उलटं वेळापत्रक, कारण जानेवारीत तिथे मैदान शोधावं लागतं. त्या वर्षी करोनामुळे सुरवातच १६ जूनला झाली. म्हणजे आठ महिन्यांचा प्रपंच सहा महिन्यांत उरकायचा. आणि प्रेक्षक? सुरवातीला फक्त २०० जणांना परवानगी. आपल्याकडे गल्लीतल्या टेनिस बॉल स्पर्धेला याहून जास्त लोक असतात.

भाचा ट्रॉन्डहाइमचा म्हटल्यावर तो रोसेनबोर्गचा, हे ओघानंच आलं. नॉर्वेचं फुटबॉल म्हणजे बरीच वर्षं रोसेनबोर्गच होतं. १९९२ ते २००४ अशी सलग तेरा वर्षं लीग त्यांनीच जिंकली. तेरा! नुसत्या कल्पनेनंच बाकीच्या संघांबद्दल वाईट वाटतं. भाच्याच्या सांगण्यावरून मीही रोसेनबोर्गचा गुणतक्ता पाहायला लागलो, पण नजर काही तिथे टिकेना. ती सारखी सगळ्यात वरच्या ओळीवर जायची. तिथे एक विचित्र नाव होतं, मध्ये तिरपी रेघ असलेलं: बूडो/ग्लिम्ट.

नावापासूनच सुरुवात करू. बूडो हे गावाचं नाव, आणि आसामातल्या बोडोंशी त्याचा काही संबंध नाही. उच्चार साधारण 'बूडो'. मराठी कानाला कुणी शाप देतंय असं वाटतं. ग्लिम्ट म्हणजे चमक, लकाकी. क्लब १९१६ साली निघाला तो नुसता 'ग्लिम्ट' म्हणून. पुढे लक्षात आलं की दक्षिणेकडे त्याच नावाचा आणखी एक क्लब आहे, मग १९४८ मध्ये आपल्या नावाआधी गावाचं नाव जोडून टाकलं. तिरपी रेघ तेव्हापासूनची.

गाव उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर आहे. वस्ती साधारण पन्नास हजार, म्हणजे आपल्याकडचं तालुक्याचं ठिकाण. जून महिन्यात तिथे सूर्य मावळतच नाही, आणि डिसेंबरात तो जवळपास दिसतच नाही. १९४० च्या २७ मे रोजी जर्मन विमानांनी हे गाव बॉम्ब टाकून जाळलं. आजचं बूडो त्या राखेवर नव्यानं बांधलेलं आहे, म्हणून जुन्या नॉर्वेजियन गावांचं चित्रातलं लाकडी रूप तिथे फारसं आढळत नाही. युद्धानंतर तिथे मोठा हवाई तळ झाला. आणि इथे आपल्या बाजूचा एक धागा आहे. १ मे १९६० ला रशियानं जे अमेरिकन हेरगिरीचं यू-२ विमान पाडलं आणि ज्याचा वैमानिक गॅरी पॉवर्स पकडला गेला, ते विमान उडालं होतं पेशावरहून आणि उतरणार होतं बूडोला. पेशावर ते बूडो! शाळेच्या नकाशात या दोन गावांना जोडणारी रेघ मी कधी काढली नसती.

हवाई तळाची गोष्ट लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहे.

तर जून, जुलै, ऑगस्ट. रात्री साडेनऊ-दहाला आपल्याकडे सामना सुरू व्हायचा. मी मोबाईल घेऊन गॅलरीत बसायचो. सामना दिसायचा नाही, नुसता स्कोअर बदलताना दिसायचा, पण तो बदलायचा भारी वेगानं! पिवळ्या जर्सीतले हे लोक कुणालाच सोडत नव्हते. चार गोल, पाच गोल. भाच्याला विचारलं, "हे कोण रे?" तो म्हणाला, "मामा, उत्तरेकडचे आहेत. टिकणार नाहीत."

'उत्तरेकडचे आहेत.' त्यानं हे सहज म्हटलं. त्याचा काहीच दोष नाही, तो तिथे जाऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं आणि ज्यांच्यात राहत होता त्यांचंच वाक्य त्यानं उचललं होतं. पण मला ते वाक्य खटकलं, आणि त्यामागे काय आहे ते शोधत मी बऱ्याच रात्री घालवल्या. (नाहीतरी झोप कुणाला येत होती.)

नॉर्वे हा नकाशात लांबच लांब देश. ओस्लोहून बूडो रस्त्यानं बाराशे किलोमीटरच्या वर, आणि बूडोच्या पुढेही देश भरपूर शिल्लक राहतो. रेल्वे बूडोपर्यंत पोचली ती १९६२ मध्ये. दक्षिणेकडच्या लोकांच्या लेखी उत्तरेकडचे म्हणजे मासेमारी करणारे, शिव्या देणारे, थोडे अडाणी. एके काळी ओस्लोत खोली भाड्यानं द्यायच्या जाहिरातींत 'उत्तरेकडच्यांनी चौकशी करू नये' अशा अर्थाची वाक्यं असत, ही गोष्ट तिथे आजही सांगितली जाते. सरकारी भाषेत आपण ज्याला अनुशेष म्हणतो तो तिथे फुटबॉलमध्येही होता, आणि तोसुद्धा चक्क नियमात लिहिलेला.

१९६३ पर्यंत उत्तरेकडच्या क्लबांना राष्ट्रीय कप स्पर्धेत प्रवेशच नव्हता. त्यांनी आपसात खेळावं, आपली 'उत्तर नॉर्वे अजिंक्यपद' स्पर्धा जिंकावी आणि खूश राहावं. वरच्या लीगचा दरवाजा तर १९७२ पर्यंत बंद होता. कारणं काय, तर अंतर फार, खर्च फार, आणि मुख्य म्हणजे त्यांचा दर्जा नाही. दर्जा नाही म्हणून खेळू द्यायचं नाही, आणि खेळू दिलं नाही म्हणून दर्जा येत नाही. हे चक्र आपल्या ओळखीचं आहे, फोड करून सांगायची गरज नाही.

१९७२ ला दरवाजा उघडला तोही अर्धवट. नार्विक गावाचा म्योल्नर हा संघ त्या वर्षी उत्तरेचा पहिला प्रतिनिधी म्हणून वरच्या लीगमध्ये खेळला आणि लगेच खाली आला. दुसऱ्या श्रेणीचे तेव्हा तीन गट होते. दक्षिणेच्या दोन गटांतला पहिला आला की सरळ वर. उत्तरेच्या गटातला पहिला मात्र सरळ वर जायचा नाही. त्यानं दक्षिणेच्या दोन गटांतल्या दुसऱ्या क्रमांकांशी परत खेळायचं आणि तिथे जिंकला तरच वर. म्हणजे आमचा पहिला तो तुमच्या दुसऱ्याच्या बरोबरीचा. बूडो/ग्लिम्ट १९७४ ला या फेरीत अडकला. १९७५ ला पुन्हा अडकला.

आणि १९७५ ची गंमत अशी, की त्याच वर्षी त्यांनी राष्ट्रीय कप जिंकला! ओस्लोत जाऊन, अंतिम सामन्यात हाउगेसुंडच्या वार्ड संघाला २-० नं हरवून. उत्तरेत कप जायची ही पहिलीच वेळ. म्हणजे देशाचा कपविजेता संघ, पण वरच्या लीगमध्ये खेळायच्या लायकीचा नाही! पुढच्या वर्षी हेच दुसऱ्या श्रेणीतले लोक युरोपच्या कपविजेत्यांच्या स्पर्धेत इटलीच्या नापोलीशी खेळून आले. नापोलीशी खेळायला चालतं, पण लीगमध्ये नाही. आरडाओरडा झाला, १९७६ ला ते वर चढले आणि १९७७ च्या पहिल्याच मोसमात लीगमध्ये दुसरे आले. दर्जाचं काय ते उत्तर मिळालं असावं.

आता ताई, तुझ्यासाठी घराण्याची गोष्ट.

१९७५ च्या त्या संघात एक हाराल्ड बेर्ग होता. गावचाच, १९४१ चा जन्म. त्याला सगळे 'दुत्ते' म्हणत. त्याच्या पिढीतल्या नॉर्वेच्या सर्वांत चांगल्या खेळाडूंपैकी एक. पण तो ऐन उमेदीत होता तेव्हा त्याच्या गावाला वरच्या लीगचा दरवाजा बंद होता. मग त्यानं काय केलं? जे सगळेच करतात ते केलं. गाव सोडलं. ओस्लोच्या ल्यून या संघाकडे गेला. (ल्यून म्हणजे वीज. चमक सोडून विजेकडे गेला म्हणायचं.) तिथे १९६८ ला लीग जिंकली, कपही जिंकले. मग हॉलंडला व्यावसायिक म्हणून गेला. आणि १९७४ मध्ये, तिशी उलटल्यावर, परत बूडोला आला, बरोबर त्या अर्धवट दरवाजाच्या वर्षी. कप त्यानं घरच्या संघाकडून जिंकला. लीगचं पदक मात्र ओस्लोचं.

त्याची मुलं ओर्यान, रुनार आणि आरिल्ड, तिघंही फुटबॉल खेळणारी. १९९३ ला बूडो/ग्लिम्टनं पुन्हा कप जिंकला आणि लीगमध्ये पुन्हा दुसरे आले. दुसरेच. पहिलं कोण, तर अर्थात रोसेनबोर्ग. ओर्यान आणि रुनारला लीगची पदकं मिळाली, पण ती कुठे? ट्रॉन्डहाइमला, रोसेनबोर्गच्या पांढऱ्या जर्सीत. बापाचं पदक ओस्लोचं, मुलांची ट्रॉन्डहाइमची. या घराला पदकाची कमतरता नव्हती, फक्त प्रत्येक वेळी ते आणायला घर सोडून जावं लागत होतं.

हे वाचलं त्या रात्री मी गॅलरीतून आत आलो आणि माळ्यावरून अण्णांची ट्रंक काढली. अण्णा अकोल्याला व्हॉलीबॉल खेळायचे हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यांचं एकुलतं एक मोठं पदक मात्र मुंबईच्या एका सरकारी खात्याच्या संघाकडून खेळताना मिळालेलं. खेळाडू म्हणून नोकरी लागली, मुंबईला आले, जिंकले. पदकावर खात्याचं नाव आहे, साल आहे, मुंबई आहे. अकोला नाही. लहानपणी मी ते पदक कितीदा हाताळलं असेल, पण त्यावर काय लिहिलेलं नाही हे वाचायची बुद्धी मला त्या रात्री झाली. ट्रंक परत वर ठेवताना ठेच लागली ती गोष्ट वेगळी. असो.

तर २०२०. बूडो/ग्लिम्टच्या मधल्या फळीत एक मुलगा खेळत होता, पॅट्रिक बेर्ग. ओर्यानचा मुलगा, हाराल्डचा नातू. वय २२.

हा मोसम आकाशातून पडला नव्हता, हे मात्र सांगायला हवं. २०१० च्या आसपास क्लब जवळजवळ दिवाळखोरीत निघाला होता. २०१६ ला तर नावाप्रमाणे बुडालाच, खालच्या श्रेणीत गेला. त्या पडझडीनंतर २०१७ मध्ये त्यांनी एक अजब माणूस आणला, ब्यॉर्न मान्सवेर्क. हा लढाऊ विमानांचा वैमानिक. बूडोच्या तळावरच्या एफ-१६ च्या स्क्वाड्रनमधला, अफगाणिस्तान आणि लिबियात मोहिमा केलेला. (तळ लक्षात ठेवा म्हटलं होतं ना.) फुटबॉलचं त्याला ज्ञान नव्हतं. त्याला माहीत होतं ते एवढंच, की ताणाखाली माणसाचं डोकं कसं चालतं आणि ते कसं शांत ठेवायचं. त्यानं खेळाडूंना डोळे मिटून शांत बसायला शिकवलं. आपल्याला हे ऐकून हसू येईल, ध्यानाचे वर्ग आपल्याकडे पैशाला पासरी. पण त्याचा खरा धडा दुसराच होता: निकालाबद्दल बोलायचंच नाही. 'जिंकायचंय', 'इतके गुण हवेत', 'या वर्षी पहिले' असली भाषाच बंद. आपण कसे खेळतो एवढंच बोलायचं, आणि चूक झाली की ती सगळ्यांसमोर मोकळेपणानं मांडायची. गोल खाल्ला की हे लोक मैदानातच गोल करून उभे राहतात आणि काय झालं ते एकमेकांना सांगतात. कुणावर ओरडणं नाही.

उलरिक साल्टनेस नावाचा त्यांचा एक खेळाडू आहे. सामन्याआधी ताणामुळे त्याच्या पोटात इतकं दुखायचं की त्यानं फुटबॉल सोडायचं ठरवत आणलं होतं. मान्सवेर्कबरोबर काम केल्यावर तो टिकला, आणि २०२० च्या संघाचा कणा झाला. मला या सगळ्या मोसमात कौतुक वाटलं असेल तर याच माणसाचं. दहावीच्या परीक्षेआधी माझं पोट कसं दुखायचं ते ताई सांगू शकेल. मला कुणी वैमानिक भेटला नाही.

प्रशिक्षक शेटिल क्नुत्सेन हा मूळचा बर्गेनचा, म्हणजे दक्षिणेतला. २०१८ ला त्यानं सूत्रं हाती घेतली तेव्हा संघ अकरावा आला. २०१९ ला दुसरा. मग त्या हिवाळ्यात त्यांचा सर्वांत चांगला खेळाडू, हाकोन एव्येन, हॉलंडच्या संघानं विकत घेतला. इथे सगळ्यांनी मान हलवली की झालं, एवढंच होतं यांचं. लहान संघांचं नेहमी असंच होतं, झाड जरा फळाला आलं की रस्त्यावरून जाणारा दगड मारतो.

आणि मग तो जून उजाडला. मध्यरात्रीच्या सूर्यात सुरू झालेला मोसम. क्नुत्सेनच्या संघाची रीत अशी, की चेंडू गेला तर मागे पळायचं नाही, पुढे पळायचं, जिथे गेला तिथेच परत घ्यायचा. दोन गोलांची आघाडी असली तरी तिसऱ्यासाठी पळायचं. डेन्मार्कचा कास्पर युंकर मध्ये, डेन्मार्कचाच फिलिप झिंकरनागेल एका बाजूनं, आणि बूडोचाच येन्स पेटर हाउगे दुसऱ्या बाजूनं. मोसमाअखेर युंकरचे २७ गोल, झिंकरनागेलचे १९, आणि हाउगेचे १४. हाउगेचे १४ तर अर्धवट मोसमातले, कारण मध्येच एक प्रकार घडला.

२४ सप्टेंबरला त्यांचा युरोपा लीगच्या पात्रता फेरीत एसी मिलानशी सामना होता, मिलानच्याच सान सिरो मैदानावर. भाच्यानं आदल्या दिवशी लिहिलं, "उद्या कळेल." कळलं. मिलान जिंकलं, पण ३-२ नं, आणि पहिला गोल बूडोच्या युंकरनं केलेला. रिकाम्या सान सिरोत हाउगेनं मिलानच्या बचावाला असं काही नाचवलं, एक गोलही केला, की आठवड्याभरात मिलाननं त्यालाच विकत घेतलं. हरलेल्या संघातला मुलगा जिंकलेल्यांनी घरी नेला! बूडोत त्या दिवशी लोक खूश झाले असतील की रडले असतील, मला अजून ठरवता येत नाही. पुन्हा एक जण पदकाच्या दीड-दोन महिने आधी गाव सोडून निघाला.

पण या वेळी संघ थांबला नाही. हाउगे गेला तरी गोल चालूच. अख्ख्या मोसमात एकच पराभव, तो आदल्या वर्षीच्या विजेत्या मोल्डेकडून. आणि २२ नोव्हेंबरला, रविवारी, स्ट्रोम्सगॉडसेटला २-१ नं हरवून त्यांनी लीग जिंकली. पाच सामने शिल्लक असताना! उत्तरेकडचा संघ नॉर्वेचा लीग विजेता होण्याची ती पहिलीच वेळ. त्या वर्षी सोळा संघांत उत्तरेचा दुसरा संघच नव्हता, ट्रोम्सो आदल्या वर्षी खाली गेला होता. एकटेच होते.

आकडे नंतर नीट जुळवून पाहिले. ३० सामन्यांत २६ विजय, ३ बरोबरी, १ पराभव. ८१ गुण, आधीचा विक्रम मोल्डेचा २०१४ मधला, ७१. गोल १०३. रोसेनबोर्गच्या ऐन वैभवातही शंभर गोल कधी झाले नव्हते. दुसऱ्या क्रमांकाचं मोल्डे १९ गुणांनी मागे. भाच्याचं रोसेनबोर्ग चौथं. (मी काही बोललो नाही. नुसता अंगठा पाठवला.) आणि तळाला बिचारं आलेसुंड, ३० सामन्यांत ११ गुण! त्यांच्यावरही कुणीतरी लिहायला हवं, मला जमणार नाही.

मोसम २२ डिसेंबरला संपला, तेव्हा बूडोत दिवसाउजेडी सूर्य शोधायची वेळ. ज्या गावानं ४८ वर्षं वरच्या लीगच्या विजेतेपदाची वाट पाहिली, त्या गावाला ते मिळालं नेमकं अशा वर्षी, की मैदानात जाऊन ते बघण्याची मुभा मोजक्या शे-दोनशे लोकांना. ज्यांनी १९७५ चा कप पाहिला होता ते तेव्हा सत्तरीच्या आसपासचे, म्हणजे करोनात घराबाहेर न पडण्याच्या यादीत सगळ्यात वर. टीव्हीसमोर बसूनच त्यांनी हे पाहिलं. मला सारखी आस्पमीरा मैदानाची रिकामी बाकं आठवतात (म्हणजे फोटोतली). वाट पाहणाऱ्याला अखेर पत्र आलं, पण तो नेमका त्याच दिवशी घरी नव्हता, असं काहीतरी.

आणि तरीही पॅट्रिक बेर्गच्या गळ्यात पदक पडलं ते पिवळ्या जर्सीत. आजोबांनी ओस्लोहून आणलं, वडलांनी ट्रॉन्डहाइमहून, आणि नातवाला ते घरातून न हलता मिळालं. मी हे भाच्याला लिहिलं. त्याचं उत्तर दोन दिवसांनी आलं: "मामा, आईला हे सांगू नकोस हं, लगेच म्हणेल तूपण परत ये." ताई, बघ, सहा वर्षं सांगितलं नव्हतं.

पुढचं थोडक्यात, कारण ते सगळं वर्तमानपत्रांतून येऊन गेलंय. युंकर जपानला गेला, झिंकरनागेल इंग्लंडला. तरीही २०२१ ला लीग पुन्हा त्यांचीच. त्याच ऑक्टोबरात रोमाला, ज्याचा प्रशिक्षक दस्तुरखुद्द मोरिन्यो, ६-१ नं घरी पाठवलं. २०२३ ला लीग, २०२४ ला लीग. २०२५ च्या वसंतात युरोपा लीगच्या उपांत्य फेरीत, नॉर्वेचा कुठलाच क्लब तोवर युरोपात इतका पुढे गेला नव्हता. पॅट्रिक बेर्गही मध्ये गाव सोडून गेला होता, २०२२ च्या जानेवारीत, फ्रान्सच्या लॉन्सला. तो त्याच वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस परत आला. आजोबांना परत यायला आठेक वर्षं लागली होती, याला आठेक महिने. हाउगेसुद्धा मिलान, जर्मनी असं फिरून २०२४ ला परत आला.

भाचा २०२२ च्या उन्हाळ्यात ट्रॉन्डहाइमहून रेल्वेनं बूडोला गेला. दहा तासांचा प्रवास. प्रेक्षक तोवर परतले होते. त्यानं मैदानाबाहेरून फोटो पाठवला, त्यात एक म्हातारे गृहस्थ माणसाच्या उंचीचा पिवळा टूथब्रश खांद्यावर घेऊन उभे आहेत. ही तिथली रीत. सत्तरच्या दशकात एक जण प्रेक्षकांकडून गाणी म्हणवून घेताना वाद्यवृंदाच्या काडीसारखा हातात टूथब्रश नाचवायचा, तेव्हापासून तो मोठा मोठा होत गेला. मी तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. कुणाला काही कळलं नाही. अण्णांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला, आणि विचारलं, "हा इतका मोठा ब्रश आगगाडीत घेऊ देतात?"